पीएससुद्धा अडकलं

"मॅडम, किल मारलं तरी मरेना. पीएस मारून बघावं म्हटलं तर तेपण तिथंच अडकून बसलंय."

जानेवारीत हा फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होते. होम मैदानावर भाचीला घेऊन पाळण्याच्या रांगेत उभी. एका कानात भोंगा, दुसऱ्या कानात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सुपरवायझर. किल म्हणजे चालू प्रोग्रॅम मारायची कमांड, पीएस म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणारी. मी ओरडून सांगितलं, "बंद करून चालू करा." त्यांनी केलं, मशीन चाललं, आमचा पाळण्याचा नंबर आला आणि मी तो फोन विसरले. चार महिने विसरूनच होते. खरं तर त्या माणसाने रोगाचं नाव सांगून टाकलं होतं, ऐकणाऱ्या बाईचं लक्ष पाळण्याकडे होतं.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी सोलापुरातल्या साखर पेठेतल्या घरातून काम करते. आमचं संगणकात बसणारं एक कार्ड आहे. विणून झालेलं कापड रोलरवरून सरकताना कॅमेरा त्याची एकेक ओळ टिपतो, आणि कुठे ताणा तुटलाय, कुठे बाणा चुकलाय ते शोधून नोंदवलं जातं. कॅमेरा आणि शोधणारा प्रोग्रॅम इतरांकडे; मधला लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्यातला निरोप्या, माझ्याकडे. म्हणजे वारसाने आलेला. ज्याने लिहिला तो मी येण्याआधीच कंपनी सोडून गेला होता. कोड चांगला लिहिलाय, हे त्याच्या माघारी कबूल करते, कारण पुढे त्याच्याच दोन चुका सांगायच्या आहेत.

मे महिन्यात आम्ही कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१० वरून ६.१२ वर न्यायला घेतला. सोलापूरचा मे. दुपारी लॅपटॉपच्या खाली स्टीलचं ताट उपडं घालून बसावं लागतं, नाहीतर पंखा असा बोंबलतो की मीटिंगमध्ये लोक विचारतात, गिरणीत बसलीस का. म्हणून माझं खरं काम रात्री दहानंतर. त्या रात्री क्यूईएमयूमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या नकली संगणकात, नवा कर्नल चढवला आणि सवयीने 'प्रूव्ह लॉकिंग' हा लॉकांची तपासणी करणारा पर्याय चालू ठेवला. छोटासा टेस्ट प्रोग्रॅम चालवला: कार्ड उघड, चित्राची मेमरी जोडून घे, नोंदी माग, बंद कर. एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, पाच सेकंदांचं काम. प्रोग्रॅम बिनबोभाट पूर्ण झाला आणि लॉगमध्ये मात्र पानभर मजकूर ओतला गेला. कर्नलचं म्हणणं होतं, लॉकांच्या अवलंबनात वर्तुळ होण्याची शक्यता आढळली आहे. लॉक म्हणजे दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून लावायची कडी; वर्तुळ म्हणजे दोघं एकमेकांच्या कडीची वाट बघत कायमचे अडकणं.

हे सांगणारा लॉकडेप. इंगो मोल्नार आणि आर्यन व्हॅन डी व्हेन यांनी तो लिहिला, २००६ साली २.६.१८ मध्ये कर्नलात आला. त्याची गंमत अशी की तो अडकण्याची वाट बघत नाही. कुठला लॉक हातात असताना कुठला दुसरा लॉक मागितला, एवढंच तो वहीत टिपत जातो. सकाळी कुणी 'क' धरून 'ख' घेतला, आणि संध्याकाळी भलत्याच कुणी 'ख' धरून 'क' घेतला, तर त्या दोघांची गाठ कधीच पडली नसली तरी तो हरकत घेतो. शिवाय तो एकेका लॉकचा हिशेब ठेवत नाही, लॉकच्या जातीचा ठेवतो. हजार कार्डं लावली आणि प्रत्येकाचा लॉक वेगळा असला तरी वहीत त्या सगळ्यांची नोंद एकच. म्हणून एका थ्रेडच्या, पाच सेकंदांच्या टेस्टमध्ये त्याला ते दिसलं जे कारखान्यात महिनोन्‌महिने दिसलं नसतं.

रिपोर्टची भाषा मात्र धन्य. साखळी उलट्या क्रमाने छापलेली असते, म्हणजे शून्य नंबरची कडी सर्वांत नवी आणि ती सर्वांत खाली. मी आधी शेवटचं चित्र बघते आणि मग वर चढते. चित्र असं होतं:

सीपीयू ०: लॉक (डेव्ह लॉक)
सीपीयू १: लॉक (एमॅप लॉक)
सीपीयू १: लॉक (डेव्ह लॉक)
सीपीयू ०: वाचण्यापुरता लॉक (एमॅप लॉक)
\*\*\* डेडलॉक \*\*\*

डेव्ह लॉक आमचा. कार्डाच्या नोंदी, बफर, सगळं त्याच्या पहाऱ्यात. एमॅप लॉक कर्नलचा. प्रत्येक प्रोसेसकडे तिच्या मेमरीचा एक नकाशा असतो आणि त्या नकाशाचा हा लॉक. २०२० साली ५.८ येईपर्यंत त्याला एमॅप सेम म्हणायचे. एका प्रोसेसचे सगळे थ्रेड तोच नकाशा वापरतात, त्यामुळे लॉकही त्यांच्यात एकच.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे आमच्या सबंध ड्रायव्हरमध्ये एमॅप लॉक हे नाव शोधलं. एकदाही सापडलं नाही. जो लॉक आम्ही कधी घेतच नाही त्याच्यावरून आमच्यावर खटला.

तेवढ्यात पाणी सुटलं.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि वेळ त्याच्या मर्जीची. त्या दिवशी रात्रीचे अडीच. वाड्यात आता दोनच घरं राहिलीत, वर आम्ही आणि खाली काकू. अर्ध्या एचपीची मोटार आणि लांब हिरवा पाइप दोघांनी मिळून घेतलेला. मी उठले, जिन्याखालचा पाइप उचलला आणि मोटारीकडे गेले. मोटार जागेवर नव्हती. काकूंनी ती आधीच नेऊन त्यांच्या नळाला बसवली होती, आणि अंगणात उभ्या राहून त्या पाइप शोधत होत्या. त्यांना वाटलं, कुणी नेलाय तो येईलच परत. मला वाटलं, मोटार कुणी नेलीय ती येईलच परत. मी पुढच्या दारी, त्या मागच्या अंगणात. दहा मिनिटं पाणी नुसतं ठिबकत होतं. शेवटी काकू ओरडल्या, "अगं, पाइप तुझ्याकडे हाय का?" आणि सुटलं.

जिना चढताना हसू आलं आणि मग हसू थांबलं. काकू ओरडल्या म्हणून सुटलं. सीपीयू ओरडत नाही. तो पाइप धरून उभा राहतो, मशीनची वायर काढेपर्यंत.

घरात अण्णा जागेच होते. ते चाळीस वर्षं मागावर, त्यातली शेवटची वीस जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मुकादम, म्हणून. रात्री झोप नाही म्हणून पाट्यावर वाटलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन बसतात. "काय करायलीस गं एवढ्या रात्री?" त्यांना मी पाइप-मोटारीचंच सांगितलं, आत्ताच घडलेलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, जरा विचार केला.

"मग सोडवतंय कोण?"

"कुणीच नाही."

"हे काय मशीन म्हणायचं? धोटा पेटीत वेळेत पोचला नाही तर माग स्वतःहून ठाण्ण करून थांबतोय. न्हाईतर धोटा मधी अडकला असताना फणी येऊन आदळली की शे-दीडशे धागे गेले बघ."

मी म्हटलं, तसं काही नाही. फार तर कर्नलात एक कामगार आहे जो एकशेवीस सेकंद झाल्यावर लॉगमध्ये लिहितो की अमुक अमुक अडकलाय. तो सोडवत नाही, नुसता लिहितो. अण्णा म्हणाले, असले सुपरवायझर आमच्याकडंपण होते.

पहाटेपर्यंत मला तो न घेतलेला लॉक सापडला.

आमच्याकडे दोन वाटांनी काम येतं. पहिली, प्रोग्रॅम म्हणतो चित्राची मेमरी माझ्या नकाशात जोडून द्या. नकाशात बदल करायचा म्हणजे कर्नल आधी एमॅप लॉक घेतो, लिहिण्यासाठी, आणि मग आमचं फंक्शन बोलावतो. आमचं फंक्शन बफर तयार आहे का ते बघायला डेव्ह लॉक घेतं. म्हणजे आधी एमॅप, मग डेव्ह. यात आम्हाला विचारलेलंच नाही. आम्ही पोचतो तेव्हा पहिला लॉक कर्नलच्या हातात असतो.

दुसरी वाट आयओसीटीएलची, म्हणजे ड्रायव्हरला थेट हुकूम द्यायची. प्रोग्रॅम म्हणतो, नोंदी द्या. आम्ही डेव्ह लॉक घेतो, नोंदी गोळा करतो आणि 'कॉपी टू युजर'ने त्याच्या बफरात टाकतो. काय साधं नाव आहे. कॉपी कर, दे. पण मेमरीच्या ज्या पानावर लिहायचं ते पान असेलच असं नाही! प्रोग्रॅम मॅलॉकने मेमरी मागतो तेव्हा मिळतो तो नुसता शब्द असतो. पानाला पहिल्यांदा हात लागला की पेज फॉल्ट होतो, कर्नल नकाशा उघडून बघतो की हा पत्ता खरा आहे का, आणि मग खरी मेमरी देतो. नकाशा बघायला एमॅप लॉक लागू शकतो. म्हणजे डेव्ह लॉक मुठीत धरून आम्ही एमॅप लॉक मागत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. लॉकडेपला तरी कसं कळलं, टेस्टमध्ये तर फॉल्ट झालाच नव्हता? तर कॉपी टू युजरच्या आतच एक खूण ठेवलेली असते: इथे फॉल्ट होऊ शकतो, सबब हा लॉक घेतला असं समज. कुणीतरी आधीच असा चटका खाऊन ती खूण ठेवली असणार.

कर्नलच्या मेमरीच्या कोडमध्ये, आरमॅप नावाच्या फाइलच्या अगदी डोक्यावर, कुठला लॉक कुठल्याच्या आधी याची एक मोठी उतरंड लिहिलेली आहे. मला ती बघून दरवेळी संक्रांतीच्या मिरवणुकीतले सात नंदीध्वज आठवतात. मानाचा पहिला, मानाचा दुसरा. क्रम ठरलेला आहे, तुम्ही नव्याने आलात तर तुमची काठी कुठे बसते ते विचारून घ्या. आमच्या ड्रायव्हरने विचारलं नव्हतं.

सकाळी पुण्याशी बोलणं झालं आणि तिथे माझा पारा चढला. आमच्या लीडचं म्हणणं: दोन वर्षं कार्डं चालतायत, कधी अडकलं नाही. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या कर्नलमध्ये लॉकडेप बंदच असतं, मग वॉर्निंग येणारच नाही. हे दुसरं वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. वॉर्निंग येणार नाही! म्हणजे गॅसचा वास येतोय तर नाकाला रुमाल बांध.

मी त्याला घटनाक्रम मांडून दाखवला. चित्राची मेमरी पुन्हा कधी जोडली जाते? कापडाचा पन्हा बदलला की. टॉवेलनंतर चादर लावली, ओळीची लांबी बदलली, प्रोग्रॅम जुनी जोडणी सोडून नवी मागतो. त्याच वेळी दुसरा थ्रेड दर सेकंदाला नोंदी मागत असतो, आणि मी त्या प्रोग्रॅमचा कोड उघडून बघितला, तो दरवेळी मॅलॉक करून नवं कोरं बफर देतो. म्हणजे फॉल्ट होण्याची पूर्ण सोय. दोन्ही गोष्टी नेमक्या काही मायक्रोसेकंदांत जुळायला हव्यात, म्हणून दुर्मीळ. पण पन्हा दिवसातून किती वेळा बदलायचा हे कारखानदार ठरवतो, आपण नाही. कॉलेजात डेडलॉक व्हायला लागणाऱ्या १९७१ च्या कॉफमनच्या चार अटी आपण पाठ केल्या होत्या ना, त्यातली एकही इथे सुटत नव्हती. लीड गप्प झाला. म्हणाला, कर, पण छोटा पॅच.

छोटा म्हणजे कसा? क्रम उलटवता येत नाही, कारण एमॅप आधी ही कर्नलची मर्जी. एका सहकाऱ्याने सुचवलं, जोडणीच्या वाटेवर ट्रायलॉक वापर, मिळाला नाही तर 'नंतर या' असं परत पाठव. तसं केलं तर पन्हा बदलताना अधूनमधून प्रोग्रॅमच पडेल, त्याला नंतर यायची सवय नाही. उरली एकच वाट: डेव्ह लॉक हातात असताना युजरच्या मेमरीला हातच लावायचा नाही. लॉक घ्यायच्या आधी केमॅलॉकने, म्हणजे कर्नलच्या आतल्या मॅलॉकने, आपली जागा घ्यायची, लॉक घेऊन नोंदी त्यात उतरवायच्या, लॉक सोडायचा, मग निवांत कॉपी टू युजर. जागा स्टॅकवर घेता येत नाही, नोंदी बऱ्याच असतात आणि एआरएम-६४ वर कर्नलचा स्टॅक सगळा मिळून १६ केबी. जागा शून्यांनी भरून घ्यायची, नाहीतर स्ट्रक्चरच्या फटींमधून कर्नलच्या मेमरीचे तुकडे बाहेर जातात. एवढं करून पॅच पंचवीस-तीस ओळींचा झाला. पाठवला आणि झोपले.

तो चुकीचा होता.

रिव्ह्यूमध्ये ज्याचा ट्रायलॉक मी उडवून लावला त्यानेच पकडलं, आणि बरोबर पकडलं. आमची ती आयओसीटीएल 'वाचा आणि पुसा' अशी आहे. नोंदी दिल्या की कार्डाकडून पुसायच्या. जुन्या कोडमध्ये कॉपी यशस्वी झाल्यावर, त्याच लॉकमध्ये, पुसलं जायचं. मी पुसणं लॉकमध्ये ठेवलं आणि कॉपी बाहेर काढली. आता कॉपी फसली, युजरने चुकीचा पत्ता दिला, तर? नोंदी पुसल्या गेलेल्या, मिळाल्या कुणालाच नाहीत. कापडातला दोष कॅमेऱ्याने पकडला, ड्रायव्हरने गिळला. कारखान्याच्या दृष्टीने हे अडकण्यापेक्षा वाईट, अडकलं तर निदान कळतं.

त्या दुसऱ्या रात्री खरं काम झालं. प्रत्येक नोंदीला चढता नंबर आधीपासून होता. मग लॉक घेऊन नोंदी उतरवायच्या आणि शेवटचा नंबर लक्षात ठेवायचा, लॉक सोडायचा, कॉपी करायची, ती झाली तरच पुन्हा लॉक घेऊन त्या नंबरपर्यंतच्या पुसायच्या. मधल्या वेळात कार्ड थांबलेलं नसतं. रिंग भरून जुन्या नोंदींवर नव्या बसल्या असतील, आणि पुसण्याची खूण आपल्या नंबरच्याही पुढे गेली असेल. म्हणून खूण फक्त पुढे न्यायची, कधी मागे नाही. राहता राहिली एक त्रुटी: दोन वाचणारे एकदम आले तर एकच नोंद दोघांना मिळेल. आमच्याकडे वाचणारा एकच आहे. तरी ते मी कोडच्या वर कॉमेंटमध्ये आणि कमिटमध्ये स्पष्ट लिहिलं. नोंद दोनदा आली तर नंबर बघून एक टाकून देता येते, हरवलेली आणायची कुठून.

पॅच बसवला, टेस्ट चालवली. नवी वॉर्निंग.

मी टेबलावर डोकं टेकवलं. ही आधीही होतीच, पण लॉकडेप पहिली तक्रार केली की स्वतःला बंद करून घेतो. त्यापुढे त्याची वही विश्वासाची राहत नाही. त्यामुळे पहिलीच्या पोटात दुसरी लपली होती. ही सोपी निघाली: कार्ड बंद करताना डेव्ह लॉक घेऊन आम्ही पार्श्वभूमीतलं काम रद्द करत होतो, म्हणजे ते संपेपर्यंत थांबत होतो, आणि त्या कामाला स्वतःला डेव्ह लॉक हवा होता. माझ्या दारात कडी लावून बसायचं आणि म्हणायचं तू आत आलास की मी जाते. थांबणं लॉकच्या बाहेर नेलं, चार ओळी. तिसरी वॉर्निंग आली नाही. दोन थ्रेडांची नवी टेस्ट लिहिली, एक जोडत-सोडत राहणारा, दुसरा कोऱ्या पानावर नोंदी मागणारा. जुन्या कर्नलवर, जुन्या ड्रायव्हरसकट, ती माझ्या लॅपटॉपवर चहा उकळायच्या आत अडकली. आता संभाव्य वगैरे काही राहिलं नव्हतं. अडकलेल्या प्रोग्रॅमला किल मारलं, मरेना. कोण कुणाची वाट बघतंय म्हणून पीएस मारलं.

पीएससुद्धा अडकलं.

पीएस प्रत्येक प्रोसेसची कमांडलाइन वाचतं. ती असते त्या प्रोसेसच्याच मेमरीत. तिथे पोचायला तिचा नकाशा लागतो, नकाशाला एमॅप लॉक. मी त्या थिजलेल्या टर्मिनलकडे बघत बसले आणि मला भोंग्यांच्या आवाजात ते वाक्य ऐकू आलं, "तेपण तिथंच अडकून बसलंय." किल न ऐकणाऱ्या प्रोसेस पुष्कळ प्रकारच्या असतात. पीएसलाही सोबत घेऊन बसणारी फार थोडी.

तो जानेवारीतला प्रकार हाच होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. कर्नलचा लॉग रॅममध्ये होता आणि मीच सांगितलं होतं, बंद करून चालू करा. पुरावा मीच पुसला.

जूनमध्ये नवं सॉफ्टवेअर घेऊन कारखान्यात गेले. मागांच्या आवाजात सुपरवायझरना मोठ्याने समजावलं आणि पॅनेलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: मशीन अडकलं तर लगेच बंद करू नका, आधी ही एक कमांड द्या, स्क्रीनवर येईल त्याचा फोटो काढा, मला पाठवा, मग बंद करा. कोण कशावर अडकलंय ते त्यात येतं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"आणि मॅडम, फोटो काढेपर्यंत कापड थांबलेलं असतंय, त्येचे पैशे कुणाकडनं घ्यायचे?"